धांदलने कडं खाल्लं

४ फेब्रुवारी

ती. अक्कास धाकट्याचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला. आधी त्याची माफी मागतो, मग पुढचं लिहितो. तुझं पत्र येऊन महिना होत आला. ते घड्याळामागे खोचून ठेवलंय, त्यामुळे वेळ बघायला गेलो की दिसतं आणि लाज वाटते. फोन करावा तर मला ऐकू येत नाही, आणि तू इतकी ओरडतेस की खालची शिवणवाली वर येऊन विचारते, भांडण झालं का. म्हणून पत्रच बरं.

पोटात गाठ आहे, ती काढायची आहे, डॉक्टर म्हणतात सहीला आणि उशाशी बसायला घरचं माणूस हवं, आणि तुला माझ्याशिवाय घरचं असं कोणी नाही. हे सगळं नीट वाचलं. अक्का, मी येणार. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून तू तोंड वाकडं करणार नाहीस. पण येऊ कसा ते कळत नाही. येण्यात एक दिवस, जाण्यात एक दिवस, मधे दवाखाना. तोवर घरात एक कुत्रा आणि दोन मांजरं. आणि तो कुत्रा, अजून वर्षाचाही नाही, तूच पाठवलास.

तू म्हणाली होतीस, बायको गेल्यावर एकट्याला घर खायला उठतं, सोबत असू दे. धांदल आल्यापासून घर मला खायला उठत नाही हे खरं. तोच घर खातो. दोन चपला, केरसुणी आणि टेबलाचा एक पाय त्याने माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला. डोळ्यांआड काय करेल?

मांजरं तुझ्या भावजयीची, तुला माहीत आहे. मुकादमाची मला चिंता नाही, तो बोका कपाटावर चढून सगळ्यांवर देखरेख करतो. चिंता आजीबाईची. ती पांढरी म्हातारी आता एका डोळ्याने आंधळी झाली आहे आणि उंच उडी तिला जमत नाही. तुझी भावजय शेवटी शेवटी काय बोलली, तर “तिची खुर्ची हलवू नका, तिला सापडणार नाही.” माझ्याबद्दल काही बोलली नाही. मी खुर्ची हलवलेली नाही. त्या मांजराला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

तू धांदलबरोबर जाळीचा पिंजरा पाठवलास. मी घरात असलो की तो त्यात गाढ झोपतो. मी जिना उतरलो की गज दातात धरतो. एकदा नख उपटून घेतलं, पिंजऱ्यात रक्त. त्यात त्याला दिवसच्या दिवस ठेवणं माझ्याने होणार नाही. शिवणवाली खाणंपिणं बघायला तयार आहे, पण तिची एक अट आहे. म्हणते, “पिंजऱ्याच्या कडीला मी हात लावणार नाही. कोंडलेला सुटला की तोफेच्या गोळ्यासारखा येतो. मला एकदा जिन्यावर लोळवलंय त्याने. आधीच मोकळा असला तर येऊन पायावर बसतो, त्याचं काही नाही.” खरं आहे तिचं. म्हणजे मी यायचं तर कुत्रा मोकळा हवा. मांजरांसकट. माझ्याशिवाय.

आत्ता मी काय करतो ते सांगतो, हसू नकोस. मी नोकरीभर रेल्वेत सांधेवाला होतो. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आमच्याकडे एक लोखंडी कडं असायचं. ज्या ड्रायव्हरच्या हातात कडं, त्यालाच पुढे जायची मुभा. कडं एकच, म्हणून गाडी एकच. तोच कायदा मी घराला लावला आहे. पुढची खोली मांजरांची, स्वयंपाकघर कुत्र्याचं, मधला बोळ एकेरी. कडं म्हणून तुझ्या भावजयीची भरतकामाची लाकडी रिंग घेतली. ती स्वयंपाकघराच्या खुंटीला असली की बोळ कुत्र्याचा, पुढच्या खोलीच्या खुंटीला असली की मांजरांचा. धांदल आल्यापासून एकदाही समोरासमोर गाठ पडलेली नाही. पण कडं हलवायला मी लागतो. मी तुझ्याकडे आलो तर कडं कोण हलवेल?

तूच काहीतरी सुचव.

तुझा,
धाकटा


१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की गाठ दुखली.

अरे शहाण्या, तिघं एका छपराखाली राहतात आणि त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही? मग दाराआडून येणारा वास म्हणजे धांदलला मेजवानी आणि आजीबाईला भूत वाटत असणार. तू अपघात टाळला नाहीस, नुसता पुढे ढकललास. घर म्हणजे रूळ नव्हे. घरात समोरासमोर यावंच लागतं.

आता मी सांगते तसं कर. मी शाळेत कवायतीची बाई होते, शिट्टी वाजवून सांगितलं असं समज. आधी कुत्र्याला दमव. दमलेला कुत्रा निम्मा शहाणा असतो. मग त्याची दोरी स्वतःच्या कमरेला बांध आणि पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बस. त्याने मांजराकडे बघून मान फिरवली की पावाचा तुकडा दे. बघता बघता ताठ झाला, डोळे गोठले, की उठून बाहेर ने, ओरडू नकोस. आजीबाईला उडी जमत नाही ना, मग तिच्या खुर्चीखाली फळ्या अशा ठोक की ती आत शिरेल आणि हा शिरणार नाही. एखाद्या मांजराने त्याच्या थोबाडीत दिली तर मधे पडू नकोस. जे तुला महिनाभर शिकवता येणार नाही ते मांजर एका पंजात शिकवेल.

मग एक दिवस दूध आणायला जा. पिंजरा फेकू नकोस, दार उघडं ठेव, त्याचं घर आहे ते. मी पाळलेली माझी पिल्लं आठवड्याभरात मांजरांत मोकळी राहायची.

माझं म्हणशील तर मार्चअखेरची तारीख दिली आहे. डॉक्टर अगदी पोरगेला दिसतो, बूट मात्र चकचकीत. तुझ्यासारखी मी रडत बसत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना दोरावर चढवलं, एका गाठीचं काय मोठं?

अक्का


२ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

याही पत्राला उशीर झाला, पण या वेळी कारण आहे. धांदलने कडं खाल्लं.

स्वयंपाकघराच्या दाराचा दांडा खाली दाबायला तो शिकला, हे मला माहीत नव्हतं. मी तोंड धूत होतो. बाहेर आलो तो हा बोळात बसून रिंग चावत होता. रिंगेचे चार तुकडे झाले होते, त्यातला एक बहुतेक पोटात गेला. (दुसऱ्या दिवशी बाहेर आला. त्याला काही झालेलं नाही.) त्याला आत ढकललं, दाराला बाहेरून स्टूल लावलं आणि बोळात उभा राहिलो. अक्का, तुला हसू येईल, पण कडं हरवलं की कोणीही हलायचं नाही, हा नियम माझ्या हाडात आहे. इकडून कुत्रा ओरडतोय, तिकडून मुकादम दार खरवडतोय, आणि मी मधे फरशीवर बसलो.

शिवणवाली वर आली. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप.

“बोळात का बसलात?”

“कडं गेलं.”

“मग?”

“मग नियमाने कोणी हलायचं नसतं.”

“तुम्हीसुद्धा?”

यावर मी विचार केला आणि मला आठवलं. कडं हरवलं तर गाड्या कायमच्या थांबत नाहीत. एक माणूस नेमतात. त्याच्या दंडाला पट्टी बांधतात आणि तो माणूसच कडं होतो. तो ज्या गाडीत बसेल ती गाडी सुटते. पाठोपाठच्या दोन गाड्या सोडायच्या असतील तर पहिलीत तो बसत नाही, फलाटावर उभा राहून ड्रायव्हरला तोंडाने सांगतो, “मी सांगतो, जा.” ड्रायव्हर जातो. मी दोनदा असं माणूस-कडं झालो होतो. दोन्ही वेळा गाडी पलीकडे पोचेपर्यंत मी फलाटावरून हललो नाही.

तेव्हा तू सांगितलंस तसं केलं. दोरी कमरेला बांधली, पुढच्या खोलीचं दार उघडलं. मुकादम कपाटावर जाऊन फुगला. धांदल ताठ झाला, मी त्याला बाहेर नेलं, परत आणलं, परत ताठ, परत बाहेर. पाव संपला. पुढे काही दिवस हेच चाललं. मग एका सकाळी आजीबाई खुर्चीवरून उतरली. हा तिच्या आंधळ्या डोळ्याच्या बाजूला बसलेला, तिला दिसलाच नाही. ती सरळ त्याच्या नाकाखालून चालत निघाली. त्याने हुंगलं. तिने वळून फाडफाड तीन ठेवून दिल्या. धांदल केकाटत माझ्या पायांमागे लपला आणि खरं सांगायचं तर मीही एक पाऊल मागे सरलो. तेव्हापासून ती चालू लागली की हा बाजूला होऊन वाट देतो.

मग दूध आणायला निघालो. दार लावलं आणि जिन्यातच उभा राहिलो. दाराला कान लावला, पण माझ्या कानांचा काय उपयोग? शिवणवालीला बोलावलं. तिने कान लावला.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे चांगलं की वाईट?”

“काही नाही म्हणजे काही नाही. दूध आणा जा.”

गेलो नाही. आता रोज बाहेर जायची चप्पल घालतो, दार आपटतो आणि मोरीत लपून बसतो. अजून काही झालेलं नाही. पण मला भरवसा वाटत नाही. आजीबाईचा एक डोळा आणि त्याचे नवे दात, हे मनातून जात नाही.

तुझी तारीख मार्चअखेरची कुठली, ते लिहिलं नाहीस. लिही.

धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मोरीत बसून तू कुणाला फसवतोस? तुझ्या गुडघ्याच्या मलमाचा वास मला इथे येतो, तर कुत्र्याला दाराआड येणार नाही? तिघांनाही माहीत आहे की म्हातारा मोरीत आहे. मांजरं एकमेकांत बोलत असतील, आज फार वेळ बसलाय, पोट बिघडलं वाटतं. गेल्याशिवाय जाणं होत नाही, धाकट्या. खरंच जा.

पण घाई नाही. तारीख मी पुढे ढकलली आहे. डॉक्टरांना सांगितलं, भावाचा कुत्रा अजून तयार नाही. तो म्हणाला, “कुठला कुत्रा?” सगळं समजावून सांगितलं. तो हसला, मग हसायचा थांबला आणि म्हणाला, फार लांबवू नका. डॉक्टर लोक असं म्हणतातच.

तेव्हा सावकाश होऊ दे. त्याचे सगळे दात येऊन जाऊ देत.

अक्का


२० मार्च

ती. अक्कास नमस्कार.

या वेळी लगेच लिहितो आहे, कारण लिहून टाकल्याशिवाय आज झोप लागणार नाही.

गेलो. खरंच गेलो. सकाळी धांदलला मैदानावर इतका पळवला की मीच बसलो. मग तिघांना खायला घातलं, पिंजऱ्याचं दार दोरीने मागे बांधून ठेवलं, आजीबाईच्या खुर्चीखालच्या फळ्या हलवून पाहिल्या, चूल बंद आहे ना ते पाहिलं, परत पाहिलं, आणि दार लावून स्टेशनवर जाऊन बसलो. दुसरं कुठे जायचं मला सुचत नाही. आता तिथे सांधेवाला नाही. एक मुलगी काचेच्या खोलीत बटणं दाबते आणि रूळ आपोआप सरकतात. मी तिच्याकडे बघत बसलो. तिने एकदा बाहेर येऊन विचारलं, “आजोबा, कुणाला घ्यायला आलात?” म्हटलं, “नाही, कुत्र्याला सोडून आलोय.” तिने काय समजायचं ते समजून मला पाणी दिलं.

संध्याकाळी परत आलो. दार उघडलं आणि बोळभर पांढरं. पांढरे पुंजके भिंतीपाशी, चपलांवर, सगळीकडे. अक्का, आजीबाई पांढरी आहे. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग वाकून एक पुंजका उचलला. कापूस होता. माझी उशी.

पुढच्या खोलीत गेलो. मुकादम कपाटावर. आजीबाई खुर्चीवर नाही, खुर्चीखाली नाही. पिंजऱ्यात होती. धांदलच्या गोधडीवर, अगदी मधोमध, पाय पोटाशी घेऊन झोपलेली. आणि धांदल बाहेर फरशीवर, हनुवटी पिंजऱ्याच्या उंबऱ्याला टेकवून, नाकाला कापूस लागलेला. मला बघून शेपूट हलवली, पण उठला नाही.

शिवणवाली दुपारी येऊन गेली होती. म्हणाली, “तुमची म्हातारी सकाळीच आत शिरली असणार, ती बाहेर यायला तयार नाही. आणि हा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी घरमालकीण आहे आणि भाडेकरू खोली सोडत नाही.”

मी पकड घेतली आणि पिंजऱ्याचं दार बिजागरीपासून काढून टाकलं. आता त्याला दारच नाही.

तेव्हा अक्का, मला येता येईल. तारीख घे आणि कळव.

धाकटा


२९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

एक दिवस झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं. अंधारात मांजर दचकतं, ते पळालं की कुत्रा मागे लागतो. शिवाय हे वयात येणारं पोर आहे. या वयात कुत्री शिकलेलं विसरतात, मी पाहिलंय. एकदा वर्षाचा होऊ दे. दार काढून टाकलंस ती घाई केलीस, परत बसव. आणि पुढे उन्हाळा आहे, उन्हाळ्यात जनावरं चिडकी होतात. मला वाटतं पाऊस पडून गेल्यावर बघू. आजीबाईचं काही वाईट झालं तर भावजयीला काय तोंड दाखवशील? तूच म्हणाला होतास.

माझं ठीक आहे. रोज चाचपून बघते, तेवढीच आहे. निदान तेवढीच लागते हाताला. शेजारचे म्हणतात बारीक झालात, म्हटलं बरंच झालं, जन्मभर पोरींना तेच सांगत होते.

तू आपला कुत्र्याकडे बघ. सावकाश.

अक्का


६ एप्रिल

ती. अक्कास नमस्कार.

तुझी पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसलोय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला वाचायला वेळ लागतो, पण म्हणून माझ्या नजरेतून काही सुटत नाही. फेब्रुवारीत लिहिलंस, माझी पिल्लं आठवड्यात मोकळी राहायची. मार्चमध्ये लिहिलंस, दात येऊ देत. आता म्हणतेस, पाऊस पडून जाऊ दे. कुत्रा तोच, मांजरं तीच. मग बदललं कोण?

अक्का, तू घाबरली आहेस.

रागावू नकोस. बाकी कशात मी तुझ्या पासंगाला पुरणार नाही, पण घाबरण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. चूल बंद आहे हे माहीत असून जो चार वेळा मागे फिरतो, त्याला घाबरलेल्या माणसाचं पत्र ओळखू येतं. त्यात कारणं फार असतात. उन्हाळा, पाऊस, अंधार, दात. माझी सगळी पत्रं अशीच असतात, आणि तू ती वाचून हसतेस. तुझं वाचून मला हसू आलं नाही. लहानपणी तू झाडाच्या शेंड्यावरून खाली मला वाकुल्या दाखवायचीस आणि मी बुंध्याला धरून रडायचो. तुला भीती वाटू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. कळल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आधी मी या कुत्र्याचं निमित्त केलं. मला दवाखान्याच्या वासाची धास्ती आहे. तुझी भावजय तिथून परत आली नाही. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कुत्र्याचं लिहिलं. आता तेच निमित्त तू उचललंस. एका कोवळ्या कुत्र्यावर दोन म्हाताऱ्यांचा भार. त्याने उशी फाडली नाही तर काय करावं?

म्हणून मी एक आगाऊपणा केला आहे. शिवणवालीकडून तुझ्या दवाखान्यात फोन करवला. ती बोलली, मी शेजारी उभा होतो. सोळा तारीख मिळाली आहे. ओरडायचं तर ओरड, मला तसंही ऐकू येत नाही. चौदाला सकाळच्या बसने निघतो.

धांदल मोकळा राहील. दार बसवणार नाही. गेला आठवडाभर मी रात्री खाली शिवणवालीच्या पडवीत झोपलो. ती म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना सांगा, कुत्र्याची परीक्षा चालू आहे. आजीबाई पिंजऱ्यात, हा उंबऱ्यावर, मुकादम कपाटावर. एकदा कपबशी फुटली. कोणी फोडली ते तिघंही सांगत नाहीत.

मला अजून भीती वाटते. ती जाईल म्हणून वाट बघितली असती तर नोकरीत एकही गाडी माझ्या हातून सुटली नसती.

तारीख हलवू नकोस. दोन ओळी लिही, म्हणजे मी निघेन.

धाकटा


१० एप्रिल

धाकट्या,

तुला तारीख घ्यायला कोणी सांगितलं होतं? आगाऊ मेला. आणि घाबरले वगैरे काही नाही. घाबरले असले तरी तुला सांगायला नको होतं, आता जन्मभर ऐकवशील.

मलम लावून बसमध्ये बसू नकोस, लोक उतरून जातील.

ये.

अक्का


१७ एप्रिल

शिवणवाल्या बाईंना नमस्कार.

हे पत्र दवाखान्याच्या बाकावरून लिहितो आहे. आपल्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्याच्या बहिणीला अक्काने शाळेत दोरावर चढवलं होतं, म्हणून तो नाही म्हणाला नाही. तो तिकडे थोडा वेळ थांबून परत निघतो, हे लक्षात असू द्या.

काल अक्काचं ऑपरेशन झालं. सकाळपासून ती नर्सना कसं उभं राहायचं ते शिकवत होती. ढकलगाडीवर घेतलं तेव्हा शिकवणं थांबलं. चष्मा आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. आतल्या दारापाशी आलो तेव्हा तिने गाडीची कड घट्ट धरली आणि म्हणाली, “थांबा.” सगळे थांबले. मला म्हणाली, “कडं कुठंय?”

म्हटलं, “कुत्र्याने खाल्लं.”

“मग गाडी कशी सुटणार?”

मला आत येऊ देणार नव्हते. मी सरळ उभा राहिलो, जमेल तेवढा, आणि म्हटलं, “माणूस आहे ना. मी सांगतो, जा.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि गाडीची कड सोडली. नर्सला काही कळलं नाही, पण तिने गाडी आत नेली.

मग मी या बाकावर बसून होतो. बाई, तुम्हाला सांगतो, इथे आल्यावर मला धांदल, आजीबाई, चूल, कशाचीच आठवण झाली नाही. नुसतं ते दार. दुपारी डॉक्टर बाहेर आले. बूट खरोखर चकचकीत आहेत. म्हणाले, गाठ अख्खी निघाली. वरून तरी साधी वाटते, तपासायला पाठवली आहे, आठवड्यात कळेल. मग ते म्हणाले, “कुत्रा तयार झाला म्हणायचा.”

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. ओठ कोरडे, आवाज अगदी बारीक. कान तिच्या तोंडाशी नेला. वाटलं पाणी मागते आहे.

“मांजरं?”

मी म्हटलं, “सगळी ठीक आहेत.”

“तुला काय माहीत?”

माझी जीभ घसरली. म्हणालो, “शिवणवालीचं पत्र आलंय.”

“वाच.”

“चष्मा घरी राहिला.”

“माझा तुझ्या खिशात आहे.”

म्हटलं, “उद्या वाचतो, आता झोप.” ती झोपली, पण झोपण्याआधी म्हणाली, “उद्या वाच हं. खोटं असेल तर मला कळेल.” आज सकाळपासून दोनदा मागितलं. फोन करू का विचारलं तर म्हणाली, तू ऐकलंस ते खरं कशावरून, कागद दाखव.

बाई, मी थाप ठोकून बसलोय. आता ते खरं करणं तुमच्या हातात आहे. जे असेल तेच लिहा. आजीबाई जेवते का, पिंजऱ्यातच असते का, मुकादम खाली उतरला का, धांदलने काय फाडलं. फाडलेलं अवश्य लिहा, एक चादर किंवा चप्पल तरी. त्याशिवाय ती विश्वास ठेवणार नाही. आणि काही वाईट झालं असेल तर तेही लिहा, पण ते वेगळ्या कागदावर, माझ्या नावाने.

टाचण्या बाजूला ठेवा, मशीन थांबवा आणि दोन ओळी लगेच लिहून ड्रायव्हरच्या हातात द्या. बस सुटायच्या आत. मी शिट्टी गळ्यात घालून दवाखान्याच्या फाटकापाशी उभा राहतो. लवकर कळवा.

वरच्या मजल्यावरचा,
सांधेवाला